भाता, हवा आणि जुने इंजिन



या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून ज्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडविल्या, त्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली होती. माझे आयुष्य इंजिनांच्या सहवासात गेले. त्यातील काही वर्षे अमेरिकेच्या मिशिगन राज्यात इंजिनांच्या चाचणीकक्षात काम करण्यात गेली. तेथे मी जवळून पाहिलेला एक उद्योग आज आपल्यापुढे मांडणार आहे. जुन्या पिकअप गाडीच्या इंजिनावर सुपरचार्जर बसविणे, हा तो उद्योग. विषय परक्या देशातला असला, तरी त्यात जे विज्ञान आहे ते आपल्या पाठ्यपुस्तकातलेच आहे. आणि जो प्रश्न आहे तो तर कोणत्याही कारखान्यात, कोणत्याही घरात उभा राहू शकेल असा आहे. जुन्या गोष्टीकडून अधिक काम हवे असेल, तर प्रथम काय पाहावे, हा तो प्रश्न.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. अमेरिकेतील शेतकरी, सुतार, गवंडी यांचे ते नित्याचे वाहन. १९७० च्या दशकातील शेव्हरोले पिकअपमध्ये बहुधा ३५० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरांचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. आकार एवढा मोठा, पण शक्ती जेमतेम १६५ अश्वशक्तीच्या आसपास. या गाड्या टिकाऊ; त्यामुळे तीस-चाळीस वर्षांनंतरही त्या रस्त्यावर दिसतात. त्यांच्या मालकांना त्या टाकवत नाहीत, आणि मागे होडी किंवा घोड्यांची गाडी जोडून चढ चढताना त्यांचा संथपणा सोसवतही नाही. मग इंजिनाला अधिक हवा देण्याचा विचार सुरू होतो.

इंजिनाचे खरे अन्न

इंजिन पेट्रोलवर चालते, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल टाकीतून हवे तेवढे आणता येते; अडते ते हवेपाशी. आपल्या ५.७ लिटरच्या इंजिनाचेच गणित करून पाहू. चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांतून एकदाच हवा आत घेतो. म्हणजे क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यास फार तर २.८५ लिटर हवा. मिनिटास ४००० फेरे धरले, तर ११,४०० लिटर. परंतु झडपा, वळणे आणि कार्ब्युरेटर यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात त्यातील ऐंशी टक्के हवा आत पोहोचते, असे समजा. मग ती सुमारे ९००० लिटर झाली आणि तिचे वजन सुमारे ११ किलो भरले. एका मिनिटास अकरा किलो हवा! तिच्याबरोबर पाऊण किलो पेट्रोल, म्हणजे साधारण एक लिटर, जळते. या इंजिनाची शक्ती हीच. दट्ट्या खाली जाताना वातावरणाचा दाब जेवढी हवा आत लोटील, तेवढ्याच हवेवर त्याचा संसार चालतो.

वातावरणाचा हा दाब सर्वत्र सारखा नसतो. पणजीच्या किनाऱ्यावरून चोर्ला घाटाने बेळगावास यावे, तर आपण सुमारे साडेसातशे मीटर वर येतो आणि हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. साध्या इंजिनाची शक्ती जवळजवळ तेवढीच घटते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोनतृतीयांशच उरतो. ओझे ओढणाऱ्या जुन्या पिकअपला तो चढ का जड जातो, हे आता सांगावयास नको.

यावर उपाय लोहाराला शतकानुशतके ठाऊक आहे. कोळसे पुरेसे तापत नसतील, तर तो भाता ओढतो. आपल्या उद्यमबागेतील ओतशाळांत ज्यांनी बीड वितळविण्याची क्युपोला भट्टी पाहिली असेल, त्यांना तिच्या बुडाशी हवा ढकलणारा ब्लोअरही आठवेल. सुपरचार्जर हा इंजिनाचा भाताच होय. आणि गंमत अशी की, या दोहोंचे नाते केवळ उपमेचे नाही.

गिरणीपासून मोटारीपर्यंत

अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचे गाव आहे. तेथील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे बंधू लोकरीची गिरणी चालवीत. गिरणीसाठी अधिक चांगले जलचक्र करावे म्हणून त्यांनी एका पेटीत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन खापे बसविले. जलचक्र म्हणून ते यंत्र फारसे साधले नाही. पण ते हवा उत्तम ढकलते, असे दिसून आले. १८६० साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. पुढे या ब्लोअरने ओतशाळांच्या भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरविली. इंजिनाला दाबून हवा देण्याची कल्पना गॉटलिब डाइम्लर यांनी १८८५ च्या पेटंटात मांडली होती. मर्सिडीज कंपनीने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या मोटारी मांडल्या. त्यांत वापरलेला भाता रूट्स बंधूंच्याच पद्धतीचा होता. चालकाने पायाखालची कळ तळापर्यंत दाबली, की तो जोडला जाई.

अमेरिकेतील हौशी मंडळींच्या हाती हे यंत्र आले ते मात्र निराळ्या वाटेने. जनरल मोटर्सने १९३८ साली दोन फेऱ्यांच्या डिझेल इंजिनांची एक मालिका काढली. अशा इंजिनात धूर बाहेर ढकलून ताजी हवा भरण्यासाठी ब्लोअर लागतोच. दुसऱ्या महायुद्धात ही इंजिने सैनिकांना किनाऱ्यावर उतरविणाऱ्या होड्यांत होती, पुढे बसगाड्यांत आणि ट्रकांत आली. मोडीत निघालेल्या इंजिनांचे ब्लोअर स्वस्तात मिळू लागले आणि शर्यतीच्या शौकिनांनी ते पेट्रोल इंजिनांवर चढविले. इंजिनाच्या झाकणातून वर डोकावणारी जी मोठी पेटी अमेरिकन गाड्यांच्या चित्रांत आपण पाहतो, तिचा वंश हा असा आहे.

भात्याचे प्रकार

सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरील पट्ट्याने फिरतो. टर्बोचार्जरचे कामही हवा दाबण्याचेच. मात्र तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. येथे आपण पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रापुरतेच बोलू.

त्यातही मुख्य प्रकार दोन. रूट्स पद्धतीचा ब्लोअर दर फेऱ्यास ठरलेली हवा पुढे ढकलतो. इंजिन हळू फिरो वा जलद, दाब साधारण सारखा मिळतो. स्वीडनचे आल्फ लायशोल्म यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेला दोन स्क्रूंचा कॉम्प्रेसर याच कुळातला. तो हवा आतल्या आत दाबतो आणि म्हणून तिला कमी तापवितो. दुसरा प्रकार अपकेंद्री, म्हणजे पंख्यासारखा. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४००० फेऱ्यांस ६ पौंड दाब देणारा असा पंखा २००० फेऱ्यांस दीड पौंडच देईल. शर्यतीच्या गाडीस हे चालते. परंतु ओझे घेऊन उभ्यावरून निघणाऱ्या पिकअपला जोर हवा असतो तो कमी फेऱ्यांतच. म्हणून तिला रूट्स किंवा स्क्रू पद्धतीचा सुपरचार्जर अधिक मानवतो.

कप्पीचे माप कसे ठरते, तेही पाहण्यासारखे आहे. समजा, ब्लोअर एका फेऱ्यास दोन लिटर हवा ढकलतो. गळती वजा जाता १.८ लिटर. इंजिन साधेपणाने एका फेऱ्यास सुमारे २.३ लिटर घेत होते; त्याला आता वीस टक्के अधिक, म्हणजे पावणेतीन लिटर द्यावयाचे आहे. तर ब्लोअरने इंजिनाच्या दीडपट वेगाने फिरले पाहिजे. खालची कप्पी तीन भागांची, वरची दोन भागांची. वरची कप्पी लहान केली की दाब वाढतो. हे इतके सोपे आहे, म्हणूनच मोहाचे आहे.

दाब वाढला, हवा किती वाढली?

आता विद्यार्थ्यांनी वही उघडावी. साध्या इंजिनास वातावरणाचा दाब मिळतो, तो दर चौरस इंचास १४.७ पौंड. त्यावर ६ पौंडांची भर घातली, म्हणजे दाब १.४१ पट झाला. मग शक्तीही ४१ टक्क्यांनी वाढेल काय? नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही सर्वांनी अनुभवले आहे. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. २७ अंशांची हवा आदर्श यंत्राने १.४१ पट दाबली, तर ती सुमारे ३१ अंशांनी तापेल. प्रत्यक्ष यंत्राची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर ही वाढ ५२ अंशांवर जाते. केल्व्हिन मापाने ३०० चे ३५२ झाले. दाबातील वाढीस तापमानातील वाढीने भागा : १.४१ चे १.२० होतात. म्हणजे ४१ टक्के दाबातून हवा मिळाली ती वीसच टक्के.

शिवाय भाता फुकट फिरत नाही. या उदाहरणात तो फिरविण्यास पंधराच्या आसपास अश्वशक्ती खर्ची पडते. सारी बेरीज-वजाबाकी केली, तर १६५ ची शक्ती दोनशेच्या घरात जाते. दाबलेली हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी इंटरकूलरमधून नेऊन ४७ अंशांपर्यंत थंड केली, तर हवेतील वाढ ३२ टक्के होते आणि शक्ती सव्वादोनशेच्या आसपास पोहोचते. दाब तोच, भाता तोच. केवळ थंडावा वाढविल्याने एवढा लाभ झाला. ब्लोअरची कप्पी आणखी लहान करण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा, हे चाचणीकक्षात मी वारंवार पाहिले आहे.

ठोका

अधिक हवा देण्यातला खरा धोका शक्तीचा नव्हे, उष्णतेचा आहे. स्पार्क प्लगपाशी पेटलेली ज्योत सिलिंडरात शांतपणे पसरत गेली पाहिजे. परंतु मिश्रण आधीच फार दाबलेले व तापलेले असेल, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि खडखडाट ऐकू येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. असे ठोके काही काळ चालू राहिले, तर दट्ट्याच्या कडा फुटतात, रिंगा मोडतात, गॅस्केट जळते.

येथे जुन्या इंजिनाचा एक अनपेक्षित गुण उपयोगी पडतो. अमेरिकेत शिसेविरहित, कमी ऑक्टेनचे पेट्रोल येणार म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या गाड्यांपासून संपीडन गुणोत्तर खाली आणले. आपल्या उदाहरणातील इंजिनात ते सव्वाआठाच्या आतबाहेर असते. त्या काळी शौकिनांनी या बदलास नाके मुरडली. परंतु सुपरचार्जरला असेच इंजिन लागते. कारागिरांचा एक ठोकताळा आहे : गुणोत्तरास दाबाच्या पटीने गुणावे. ८.२ गुणिले १.४१ म्हणजे साडेअकरा. एवढे गुणोत्तर चांगल्या पेट्रोलवर, काळजीपूर्वक, निभावता येते. मूळचे गुणोत्तर दहा असते, तर हा आकडा चौदावर गेला असता आणि ठोके टळले नसते.

काळजी म्हणजे काय? अधिक ऑक्टेनचे पेट्रोल. मिश्रण किंचित समृद्ध. आणि ठिणगी थोडी उशिरा. दर पौंड दाबास सुमारे एक अंश उशीर, हे सुरुवातीचे माप धरतात. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या वर असेल, तर पूर्ण भारात अधिक पेट्रोल सोडणाऱ्या झडपेला खालचा, म्हणजे ब्लोअरनंतरचा दाब कळला पाहिजे. तो कळला नाही, तर ऐन ओझ्यात मिश्रण कोरडे पडते आणि दट्ट्या वितळतो.

कारखानदार स्वतः हे काम कसे करतो, तेही पाहावे. फोर्ड कंपनीने १९९९ साली लाइटनिंग नावाची पिकअप काढली. तिच्या ५.४ लिटर इंजिनावर रूट्स जातीचा सुपरचार्जर होता. साध्या गाडीत हेच इंजिन २६० अश्वशक्तीचे होते, ते येथे ३६० चे झाले. परंतु कंपनीने केवळ भाता चढविला नाही. संपीडन गुणोत्तर नवावरून ८.४ वर उतरविले आणि पाण्याने थंड होणारा इंटरकूलर बसविला. शंभर अश्वशक्तीची जाहिरात सर्वांनी वाचली. तिच्यामागील ही तयारी थोड्यांनीच वाचली.

प्रथम तपासणी

मिशिगनमध्ये माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे १९७९ सालची शेव्हरोले पिकअप होती. वडिलांच्या हातची गाडी. विकावयाची नाही, एवढे नक्की. त्यांनी सुपरचार्जरचा पूर्ण संच विकत आणला आणि तो बसविण्यास मला मदतीला बोलाविले. मी म्हटले, "आधी सिलिंडरांचा दाब मोजू." त्यांना ते फारसे रुचले नाही, गाडी सुरळीत चालत होती. तरी आम्ही आठही प्लग काढून मापक लावला. सात सिलिंडरांनी १४० ते १५५ पौंड दाखविले, एकाने ९५. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या सत्तर टक्क्यांखाली जाऊ नये, असा गॅरेजमधला नियम आहे. येथे तो जवळजवळ साठावर होता.

मग त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले. आकडा १३० वर चढला. तेलाने फट तात्पुरती बुजली, याचा अर्थ दोष रिंगांत होता. झडपा गळत असत्या, तर तेलाने फरक पडला नसता. पुढे इंजिन उघडले, तेव्हा एक रिंग मोडलेली आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उमटलेले आढळले. साध्या दाबावर हा दोष लपून राहिला होता. भात्याच्या दाबाखाली तप्त वायू त्या फटीतून तेलाच्या तळघरात उतरले असते आणि पहिल्याच मोठ्या चढावर इंजिन बसले असते. गृहस्थ बराच वेळ त्या रिंगेकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी सुपरचार्जरची पेटी फळीवर ठेवून दिली आणि वर्षभर केवळ इंजिनाचे काम केले.

त्या कामातील एक बारकावा आपल्या भागातील यंत्रकारागिरांना आवडेल. रिंगेच्या दोन टोकांत थोडी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर ती वाढते. सामान्य इंजिनात सिलिंडरच्या व्यासाच्या दर इंचास सुमारे चार थाउ फट ठेवतात. सुपरचार्जर असेल तर सहापर्यंत. चार इंच व्यासाला सोळा थाउ ऐवजी चोवीस. हा फरक कागदाच्या दोन-तीन पानांच्या जाडीएवढा. पण तो ठेवला नाही, तर तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांवर टेकतात, रिंग सिलिंडरमध्ये आवळली जाते आणि दट्ट्याचा माथा उखडते. त्यांनी घडीव दट्टे घातले, नवी बेअरिंगे, मोठा रेडिएटर, अधिक क्षमतेचा पेट्रोल पंप. आणि ब्रेकही नवे केले. मगच भाता चढविला. पुढे ती गाडी होडी ओढीत उत्तरेकडील सरोवरांवर नियमित जाऊ लागली.

येथे एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाव मैलाच्या शर्यतीत इंजिनावर पूर्ण भार येतो तो पंधरावीस सेकंद. ओझे घेऊन डोंगर चढताना तो पंधरावीस मिनिटे राहतो. शर्यतीत टिकलेले इंजिन घाटात टिकेलच, असे नाही. पाणी, तेल आणि धातू यांना उष्णता वाहून नेण्यास लागणारा वेळ भाता विकणाऱ्याच्या पत्रकात लिहिलेला नसतो.

आणखी एक गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेतही याला बंधने आहेत. कॅलिफोर्नियात असे सुटे भाग रस्त्यावरील गाडीस लावण्यापूर्वी तेथील हवा-मंडळाची मान्यता लागते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, काही मान्य अपवाद सोडता, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच दंडक उचलून धरला. तेव्हा हे प्रयोग करावयाचे ते प्रयोगशाळेत, चाचणीबाकावर. तेथेही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

समारोप

इंजिन ही एक साखळी आहे. हवा, इंधन, ठिणगी, दट्ट्या, बेअरिंग, पाणी, तेल, गिअर आणि ब्रेक या तिच्या कड्या. भाता पहिल्या कडीस जोर देतो. तो जोर उरलेल्या साऱ्या कड्यांना पेलावा लागतो. म्हणून नवी शक्ती जोडण्यापूर्वी जुनी ताकद मोजावी. मोजणीस एक मापक, चमचाभर तेल आणि एक दुपार पुरते. या शाळेतील प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जी शिस्त शिकविली गेली, ती हीच : आधी मोजा, आकडे लिहा, मग मत द्या. तुमच्यापैकी कोणी पुढे यंत्रांच्या व्यवसायात आला आणि गिऱ्हाईक घाई करीत असतानाही त्याने प्रथम मापक हाती घेतला, तर ज्यांच्या नावे आपण येथे जमलो आहोत, त्यांना त्याहून मोठी आदरांजली दुसरी नाही.